समोरून आलेली बस

"दोन्ही ग्राफिक्स कार्डं एकाच तोडीची," म्हणत दुकानदाराने दोन कॉम्प्युटरवर बस चालवायचा एकच गेम लावला. "चाचणीच्या आकड्यांत पहिलं जरा पुढे."

एसटीतून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, स्टिअरिंग धरून पहिल्यासमोर बसले. घाटातल्या वळणावर चित्र जरासं अडखळलं. "बरंय," म्हणाले, दुसऱ्याचं मन राखावं तसं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच घाट. समोरून बस आली आणि अण्णांचा हात आपसूक वर गेला, आयुष्यभर समोरच्या प्रत्येक ड्रायव्हरला केला तसाच! स्वतःच्याच हाताकडे बघून ते लाजले, मग खो खो हसत सुटले.

"हेच कार्ड द्या," मी म्हटलं.

"ताई, आकडे तरी बघा..."

"आकडे गेले खड्ड्यात!"

अण्णा अजून माझ्याकडे बघून हसत होते.

"अण्णा, समोर बघा. गाडीत पॅसेंजर आहेत."