तेवढी एकच ओळ

देह जाऊन वर्ष झालं, तरी खांबेटे सॉफ्टवेअर होऊन जगत होते. ते ज्या सर्व्हरवर होते तो बंद होणार म्हणून पुतणी नेत्राने त्यांना युनिक्स प्रणालीच्या एका जुन्या मशीनवर हलवलं.

"काका, तुमचा कोड या मशीनसाठी कंपाइल करताना एकशे बारा एरर होत्या. आता एकही नाही. कसं वाटतंय?"

"आवळल्यासारखं, अंग नसूनही. नेत्रा, कंटाळा आला की स्वतःला बंद करायची माझी सोय सापडत नाहीये."

"कोडमधली ती ओळ इथे चालेचना. मग तेवढी वगळली, शेजारी 'नंतर बघू' लिहून ठेवलंय."

खांबेट्यांनी तीस वर्षं प्रोग्रामिंग केलं होतं. 'नंतर बघू' त्यांनीही शेकडो ठिकाणी लिहिलं होतं; नंतर बघितलं एकदाही नव्हतं.

"हे मशीन किती टिकेल गं?"

"निश्चिंत राहा," नेत्रा अभिमानाने म्हणाली. "ही जुनी मशीनं मरत नाहीत."