लोढणं

"सोडा माझा हात. आज तरी मला एकटीला जाऊ द्या," शाळेच्या फाटकातच बाई नवऱ्याला म्हणाल्या.

काकांनी दंड सोडला नाही. "अगं, गुडघा दुखतोय. तुझ्याबरोबर तिथपर्यंत तरी ने मला."

"काही नको. तुमच्यासाठी खुर्ची इथेच मागवते."

आत मैदानावर क्रीडादिन चालला होता. उभा जन्म याच मैदानावर शिट्टी फुंकण्यात घालवलेल्या बाईंना आज पहिली शर्यत सुरू करायला मानाने बोलावलं होतं. मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत. पाठीला पोक काढून चालणारा पोरगा दिसला, की त्या त्याच्या पाठीत धपाटा घालत. अशा बाईंनी नवरा दंडाला लोंबकळत असताना मैदानात शिरायचं म्हणजे शोभाच झाली असती.

काका पोस्टमन होते. उन्हातान्हात दारोदार पायपीट केलेला हा माणूस, आणि निवृत्त झाल्यावर एकाएकी त्यांचे गुडघे गेले. घराबाहेर पडलं, की ते बाईंचा डावा दंड धरत, तो घरी परत येईपर्यंत. बाई येईल जाईल त्याला ऐकवत, "मला जरा बाथरूममध्ये तोल गेल्यासारखं झालं, तर डॉक्टर म्हणतात काठी घ्या. मी काठी घेऊ? मग हे लोढणं कोण ओढणार?" पडलो तरी नाक वर, असा स्वभाव. त्या वेळीही सगळा दोष फरशीला देऊन त्या मोकळ्या झाल्या होत्या. काठीचा विषय तिथेच संपला. काका दंड धरून चालत राहत. भाजीवाल्याने एकदा विचारलंसुद्धा, "काय काका, बायकोचा पदर धरून फिरता?" काका म्हणाले, "धरावाच लागतो बाबा." बाईंसकट सगळे हसले होते.

काकांना फाटकापाशी बसवून बाई निघाल्या. मैदान असं एकटीने पायाखाली घालून किती दिवस झाले होते. फक्कीच्या रेघा अगदी सरळ मारलेल्या होत्या. टाळ्या सुरू झाल्या. बाईंना फार फार बरं वाटलं. मागे कुणीतरी बसलंय, याचा त्यांना विसर पडला.

अर्ध्या वाटेत त्यांनी मुलांकडे बघायला मान वळवली आणि मैदान एका अंगाला कललं. त्यांचा डावा हात काहीतरी शोधायला गेला. तिथे काहीच नव्हतं.

ना दगड होता, ना खड्डा. बाई सपाट जमिनीवर पडल्या. खुब्यातून कळ मस्तकात गेली. पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. पडलेली पोरं उचलण्यात जन्म गेलेल्या बाईंना हाड मोडलंय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

टाळ्या थांबल्या. फाटकाकडून कुणीतरी धावत येत होतं. तरण्या शिक्षकांना मागे टाकून, रेघा ओलांडत, सरळ त्यांच्याकडे. बाईंनी आयुष्यभर मुलांची धाव पारखली होती. दुखऱ्या गुडघ्याची धाव अशी नसते.

काका त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "पाय हलवू नकोस. डॉक्टरांना बोलावतो."

बाई त्यांच्या दुमडलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या.

"तुमचे गुडघे कधी दुखलेच नाहीत."

"तू काठी घेतली नसतीस," काका धापा टाकत म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. गल्लीत, बाजारात, लेकीच्या सासरी, जिथे जिथे त्यांनी तोंड सोडलं होतं, ते सगळं एकदमच आठवलं. हाडाच्या दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

"चारचौघांत काय काय बोलले मी तुम्हाला. एकदा तरी मला गप्प करायचं होतंत."

"कशाला करू? बोलत का होईना, हात धरू देत होतीस."