देवकाचं पान

मोनिकाच्या मांडवात देवक बसवायला कळंबाचं पान हवं होतं, आणि हसनाबादच्या शिवारात कळंब उरला नव्हता. म्हणून तिचे आजोबा आबाराव दोन एसट्या बदलून विद्यापीठाच्या जुन्या वनस्पती उद्यानात आले.

माळी म्हणाला, "तोडायला मनाई हाय बाबा. आपोआप पडलं तर खुशाल न्या."

आबाराव सकाळपासून मान वर करून झाडाखाली बसले. मान अवघडली, पण कळंब पान सोडीना. तोही विद्यापीठाच्या नियमांत मुरलेला.

पाच वाजता माळी आला. "उठा, बंद करून राह्यलो."

"लग्न उद्या हाय," आबाराव एवढंच म्हणाले.

माळ्यानं इकडंतिकडं पाहिलं अन् हातातला खराटा त्यांना दिला. "एवढा त्या फांदीला टेकवून ठेवा. जरा जोरात टेकवा."