काल्पनिक भाग

"परत तेच," म्हणत मृणालने हेडफोन टेबलावर टाकला.

'पाणी दे', दोनच शब्द. पण आवाज स्वच्छ करणाऱ्या तिच्या प्रोग्रॅममधून ते सरळही वाजत आणि त्याच वेळी उलटेही, एकमेकांवर चढून. तिची कंपनी वागळे इस्टेटमध्ये श्रवणयंत्रं बनवायची. उद्या साहेबांना नीट ऐकवता आलं नाही, तर हे काम बंद होणार होतं. म्हणून आज ती बाळकुमला घरीच बसून होती.

समोर सासूबाई, मंजुळाबाई, मेथी निवडत होत्या. कारखान्यातल्या यंत्रांपायी त्यांचे कान मृणालच्या लग्नाआधीच गेलेले; साध्या श्रवणयंत्रातून नुसता गोंगाट कळायचा. पुढे बोलणंही सुटलं. घरात सगळं खुणांनी चालायचं.

त्यांनी चहाची खूण केली.

मृणालने हसून मान हलवली. "बसल्या जागी चहा," हसू तसंच ठेवून ती पुटपुटली. "महिनाभर तरी शहाडला लेकीकडे जावं की. मलाच का सगळं?"

मंजुळाबाई मेथीकडे वळल्या.

चहा ठेवून तिने ऑफिसातल्या रत्नदीपला फोन लावला. "डोकं फुटायची वेळ आलीय रे."

"संमिश्र संख्या साठवतेस कशात?"

"अ‍ॅरेमध्ये. आधीच शून्यं भरून ठेवलाय."

"मग तो साध्या आकड्यांचाच झाला ना. काल्पनिक भाग गाळून टाकतोय तो. वॉर्निंग नाही आली?"

"यायची. कटकट म्हणून मीच बंद केलेली."

तिने फोन ठेवला.

आवाजाच्या प्रत्येक तुकड्याची निम्मी माहिती तो अ‍ॅरे, आकड्यांची ती यादी, गुपचूप फेकून देत होता. तिने त्याचा प्रकार बदलला. एक शब्द. त्यापायी अख्खा आठवडा गेलेला. तिला स्वतःचाच राग आला.

'पाणी दे.' स्वच्छ.

नवा प्रोग्रॅम भरलेलं चाचणीचं यंत्र घेऊन ती सासूबाईंच्या मागे गेली, त्यांच्या कानात ते बसवलं आणि मागूनच हळू म्हणाली, "आई, ऐकू येतंय?"

मेथीतले हात थांबले. त्या सावकाश वळल्या. डोळे भरलेले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटले, खरखरीत, अडखळत.

"किती मऊ आवाज आहे गं तुझा. इतकी वर्षं नुसते ओठ वाचत होते ना, मला वाटायचं, तू हे सगळं खेकसून बोलतेस."