खाली वाजणारा फोन

सुताराने ओठांत धरलेला पहिला खिळा हातात घेतला आणि नेमका तेव्हाच खाली फोन वाजला.

“वाजला बाई!” थोरलीने शिलाई मशीनवरचे पाय थांबवले. “रविवारचे साडेदहा. माझाच लेक असणार. पोटचा माझा, फोन मात्र काकूला!”

सुतार खिळ्याचं टोक बघत राहिला. घरातल्या भांडणात पडायचं नाही, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

दार होतं जिन्याच्या टोकाला. वर विधवा थोरली एकटी, खाली धाकटी जाऊ आणि तिचा नवरा. पंचवीस वर्षं ते दार नुसतं लोटलेलं असायचं. आज थोरली त्याला फळी मारून घेत होती, तीही खाली कुणाला न सांगता. मागून दुसरा जिना होताच, यायचं-जायचं तिकडून. एकदा हे दार बंद झालं की खालची घंटी ऐकू यायला नको आणि धाकटीच्या हाकाही नकोत.

त्या हाकांनीच तर तिचा जीव नकोसा केला होता. तीन महिने थोरलीच्या टेबलावरचा फोन मुका होता. एकदासुद्धा वाजला नव्हता. आणि खाली? खाली घंटीला उसंत नाही! बहीण खाली फोन करायची. मैत्रिणी खाली. शाळेचे गणवेश शिवून घेणारी गिऱ्हाइकं, तीसुद्धा खाली! मग धाकटी मोठ्या प्रेमाने चिठ्ठी लिहून दारावरच्या खुंटीला अडकवायची. ‘दोन गणवेश, मंगळवारी हवेत.’ ‘तुमच्या बहिणीचा गुडघा आता बरा आहे.’ माझी बहीण, माझ्या बहिणीचा गुडघा, आणि तो बरा झाल्याचं हिने मला सांगायचं! चिठ्ठीवरचं ते वळणदार अक्षर बघूनच थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

डोळ्याच्या ऑपरेशनपासून हे सुरू झालं. चार दिवस दवाखान्यात राहायचं म्हणून जाताना तिने स्वतःच, मोठ्या ऐटीत, पुस्तिकेत बघून फोनवरचे आकडे दाबले होते. “माझे फोन तुझ्याकडे वळवून ठेवते गं, येतील तेवढे घे,” असं धाकटीला सांगितलं होतं. भलेपणा नडला, दुसरं काय! चार दिवस हिचा गोड आवाज ऐकला आणि माणसं चटावली. परक्यांचं सोडा, लेकही चटावला. दूरच्या गावी नोकरीला गेलेला एकुलता एक मुलगा दर रविवारी काकूशी बोलतो आणि आई मशीनवर कापड सरकवत बसते. आपणहून त्याला फोन करायची? छे! नाव नको. ज्याला गरज असेल तो करेल.

“ताई, लवकर या!” खालून हाक आली. “लेक आहे तुमचा. तुम्हालाच विचारतोय!”

“माझ्यासाठी असता तर माझ्या फोनवर आला असता,” थोरली दारातून ओरडली. “तूच बोल. तूच हो त्याची आई!”

खालून धाकटीचा आवाज आला, हळू, फोनमध्ये बोलणारा. “थांब रे राजा. येतीलच त्या.”

इतका राग, आणि रडू फुटायचं ते आत्ताच! थोरलीने पदराने नाक पुसलं आणि सुताराला म्हणाली, “ठोका.”

सुताराने फळी दारावर धरली. “भक्कमच आणलीय. सकाळी लांबी विचारायला मी फोन केला तेव्हा त्या खालच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं.”

“खालच्या बाईंनी? तिला कुणी सांगितलं दाराचं?”

“मीच. फोन त्यांनीच उचलला ना.”

“मग तुम्ही खाली का केलात फोन?”

“खाली कशाला करू?” सुताराने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मापाच्या वहीतलं पान, त्यावर थोरलीचंच अक्षर. “हा तुम्हीच दिलेला नंबर. ह्यावरच केला.”

थोरलीने कागद डोळ्यांजवळ नेला. नंबर तिचाच होता, वरच्या फोनचा.

तिने जाऊन रिसीव्हर उचलला. आतला सूर अडखळत आला, तुटक तुटक. तीन महिने असाच यायचा आणि ती म्हणायची, वायर जुनी झाली. पुस्तिका फोनखालीच होती. चष्मा लावून तिने ते पान काढलं. फोन दुसरीकडे वळवलेले असतील तर सूर असा तुटक येतो. ते पुन्हा आपल्याकडे आणायला वेगळे आकडे दाबायचे असतात. ते तिने दाबलेच नव्हते. दवाखान्यातून येऊन सरळ मशीनवर बसली होती.

म्हणजे बहीण, मैत्रिणी, गिऱ्हाइकं, सगळी वरच फोन करत होती. लेकही वरच करत होता, दर रविवारी, न चुकता. आणि थोरली, ही बया, दर वेळी धाकटीला ओरडून सांगायची, तूच बोल.

“अगं ठेवू नकोस फोन!” थोरली किंचाळलीच. “आले, आले गं!”

तिने सुताराच्या हातातली फळी बाजूला सारली, दार ढकललं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिथेच ती थबकली.

“दार कायमचं बंद करतोय, हे ऐकून ती काय म्हणाली?”

सुताराने खिळा पुन्हा ओठांत धरला होता. तो काढून तो म्हणाला, “काही नाही. एवढंच म्हणाल्या, खिळे वरूनच मारा, टोकं आमच्या बाजूला निघू देत. ताईंना अजून नीट दिसत नाही, त्यांच्या हाताला लागायला नकोत.”