यादीतलं पुढचं नाव

आई गेली, त्याच्या आदल्या दिवशी ती खिडकीपाशी माझ्या कोटाला बटण लावत होती. "स्कॅनच्या तारखा देणारी पोर घरात, आणि आई दोन महिने रांगेत! दिव्याखाली अंधार," ती हसली. "लागेल गं नंबर," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली. स्कॅनमध्ये ती वेळीच दिसली असती. ताटकळणं कमी व्हावं म्हणून आमच्या हॉस्पिटलात नियम होता: कुणाची वेळ रद्द झाली की यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवायचं. तीन आठवड्यांपूर्वी अशी वेळ मिळाली, तेव्हा पुढचं नाव आईचंच होतं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "बरा लागला घरच्यांचा नंबर!" मी आईला वगळून खालच्या नावाला फोन केला. आज आईची गादी गुंडाळताना भाऊ म्हणाला, "ताई, तिचा नंबर लागायला हवा होता." "लागला होता रे. मीच तिला बोलावलं नाही."