सूर्य बुडेपर्यंत चाचे

वेन्नाने धाकट्या भावाच्या डोळ्यावर काळी पट्टी आवळली, तसा जेगो आरशात बघून गरजला, "अर्रर्र! बाजूला हो, बंदरावरचे घुशे! कप्तानाला वाट दे!"

वेन्ना हसत सुटली. एरवी याच जेगोला पाव हवा असला तर बोट दाखवावं लागे. पहिल्याच अक्षराला जीभ अडायची, मान ताठ व्हायची आणि समोरचा माणूस दया येऊन त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. ती दया त्याला फार झोंबायची. पण एकोणीस सप्टेंबरला, चाच्यांसारखं बोलायच्या दिवशी, दुसऱ्याचा आवाज काढला की जीभ सुरळीत चालायची. का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं.

त्या दिवशी पोर्टरेन गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे चाचे. सूर्य बुडायच्या आत जो साधं बोलेल, त्याच्या डोक्यावर खाऱ्या पाण्याची बादली. सूट कुणालाच नाही. गेल्या वर्षी पाद्रीबाबा प्रार्थना साधी म्हणाले आणि भर चर्चमध्ये भिजले.

"आज विचारणार ना तिला?" वेन्नाने आवाज खाली आणून विचारलं. "उद्या सकाळच्या गाडीने चालली ती."

"विचारणार! नाही विचारलं तर शार्कला घाल मला!"

ती म्हणजे टॅम्सिन. दोन वर्षांपूर्वी प्लिमथहून इथे आली आणि बंदरावरच्या शेडमध्ये होड्यांवर नावं रंगवू लागली. एक कुंचला हातात, दुसरा दातांत. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, तिने ते कागदावर लिहून दाखवायचं, मान हलवायची, झालं. शहरातली शिष्ट बाई, असं गाव म्हणायचं. गाव काय, काहीही म्हणतं.

जेगोला मात्र जगात तिच्याइतकं कुणी आवडत नव्हतं. खेकड्यांचे पिंजरे विणायला तो मुद्दाम तिच्या दारात बसायचा. ती त्याला काही विचारायची नाही, त्यामुळे त्यालाही उत्तर द्यावं लागायचं नाही. चहाचे कप घेऊन दोघांनी कित्येक दुपारी अशाच घालवल्या होत्या. मागच्या आठवड्यात तिने एक चिठ्ठी त्याच्या पुढ्यात सरकवली. स्कॉटलंडच्या गोदीत तिला काम मिळालं होतं. जेगो दोन रात्री झोपला नाही.

'फुटका नांगर' हा गावचा पब दुपारपासूनच तुडुंब भरला होता. मालक डेन्झिल खांद्यावर कापडी पोपट घेऊन बिअर ओतत होता. एक पाय बाकावर ठेवून, डोळ्यावर पट्टी बांधून टॅम्सिन सगळ्या गर्दीला शिव्या घालत होती.

"वर्षभराची कसर एका दिवसात काढते की ही, अर्रर्र!" डेन्झिल खूश होऊन म्हणाला.

जेगोला पाहताच ती ओरडली, "आलास का खेकडेचोरा! ते तुझं गलबत आहे की चाळण?"

"आणि तुझं शीड आहे की माझ्या आजीचा परकर?"

"आजीचा परकर ओळखतो, म्हणजे चोरलाही असशील!"

सगळे टेबलं बडवू लागले. जेगोला इतका आनंद झाला की त्याने एका दमात अर्धा ग्लास संपवला, आणि हिंमत आहे तोवरच तिच्यापुढे गुडघा टेकला.

"अर्रर्र, टॅम्सिन! सात समुद्र लुटले, पण तुझ्या तोडीचा ऐवज कुठल्याच पेटीत सापडला नाही. माझ्या गलबतावर जन्मभरासाठी येतेस का?"

एक अक्षर अडलं नाही. टोप्या उडाल्या, डेन्झिलने घंटा बडवली. वेन्ना तर रडायलाच लागली.

टॅम्सिनही हसली. मग तिचं हसू ओसरलं.

"आज मला सहा जणांनी मागणी घातली, चाच्या!" ती त्याच दणदणीत आवाजात म्हणाली. "पाद्रीबाबांनीसुद्धा! सोंग काढून कुणीही विचारतं. खरं असेल तर तुझ्या स्वतःच्या आवाजात विचार!"

परत हशा पिकला. जेगो हसला नाही. खिडकीबाहेर सूर्य अजून पाण्याच्या वरच होता. आत्ता हसण्यावारी नेलं असतं तर लाज राहिली असती, आणि टॅम्सिन उद्याच्या गाडीने गेली असती.

त्याने पट्टी काढली.

"ट... ट..."

डेन्झिलने सवयीने बादली उचलली. वेन्नाने त्याचं मनगट धरलं. कोपऱ्यातून कुणीतरी शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर वेन्ना त्याच्याकडे अशी वळली की त्याने ते मिटलंच.

"ट-ट-टॅम्सिन. म-म... माझ्याशी ल-ल-लग्न क... क-करशील?"

एवढ्याशा वाक्याला इतका वेळ लागला की ग्लासांवरचा फेस बसला. जेगोचे कान तापले होते. पण वाक्य त्याचं त्याने पुरं केलं होतं.

टॅम्सिनने आपली पट्टी काढली. तिचे ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले.

"ह... ह..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नक्कल! जेगोला वाटलं, दोन वर्षं जिच्या दारात बसलो, तीसुद्धा यांच्यातलीच निघाली. उठून जावं म्हणून त्याने बाकाला हात लावला.

टॅम्सिनने तो हात घट्ट धरला. तिची मान ताठ झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ह-ह-हो," ती म्हणाली. "म-मी पण व-व-वर्षभर आ... आजच्याच द-द-दिवसाची व-वाट ब... ब-बघते."